दोघींच्या हातची गोळी

थोरलीला एका गोष्टीचा भारी ताठा होता, आणि तो उगाच होता असंही कुणाला म्हणता आलं नसतं. तिच्यापासून काही लपत नसे. एकवीस वर्षं ती कपडे धुण्याच्या दुकानात काउंटरवर उभी होती, आणि धुवायला आलेल्या प्रत्येक कपड्याचे खिसे उलटे करून बघणं हेच तिचं काम. सुट्टे पैसे, किल्ल्या, अंगठ्या, अर्धवट खाल्लेल्या गोळ्या, सगळं निघे. एकदा एका सभ्य गृहस्थाच्या कोटातून बायकोच्या नसलेल्या अक्षरातलं पत्र निघालं. थोरलीनं ते घडी घालून त्याच्याच हातात दिलं आणि वर तोंड करून विचारलं, "इस्त्री फार कडक नको ना?" गृहस्थ पुन्हा त्या दुकानाच्या रस्त्यानं गेले नाहीत. हा किस्सा ती वर्षातून चारदा सांगायची आणि शेवटी म्हणायची, "आमच्याकडे नाही बाई असलं काही. आमच्या ह्यांच्या खिशात रुमालाशिवाय काही निघालं तर नाव बदलेन."

तिचा नवरा उंच इमारतींच्या साइटवर क्रेन चालवायचा. वीस मजले शिडीनं चढून काचेच्या डब्यात दिवसभर बसायचं, आणि खालून मुकादमानं हात केला की लोखंड उचलायचं. त्यामुळे साइटवर सगळे त्याला 'वरचे' म्हणत. "वरच्यांना विचारा", "आज वरच्यांचा मूड बरा नाही", असं चालायचं. हळूहळू शेजारीपाजारीही तेच म्हणायला लागले. माणूस भला, हसरा, फक्त एका बाबतीत हट्टी. त्याला खाली करमत नसे.

आणि तिसरी होती धाकटी. थोरलीची सख्खी बहीण. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती आणि थोरली सतराची. तिच्या वेण्या घातल्या थोरलीनं, ताप आला की उशाशी बसली थोरली, नर्सिंगला घातलं थोरलीनं. वरच्यांच्याच साइटवर प्रथमोपचाराच्या खोलीत नर्स हवी होती, तेव्हा मुकादमाच्या मागे हात धुऊन लागून ती नोकरी मिळवून दिली तीही थोरलीनंच. कुणाचं बोट चेचलं, कुणाला ऊन लागलं, तर धाकटी बघायची. क्रेनवाल्यांची दर सहा महिन्यांची तपासणी करून कार्डावर सही करणं हेही तिच्याकडेच.

तर, मंगळवारची सकाळ. वरचे खुर्चीत बसून बुटाची नाडी बांधत होते. थोरली डबा भरत होती. नाडी बांधता बांधता ते थांबले आणि म्हणाले, "अगं, डोक्यात काहीतरी फुटलं."

"काय फुटलं?"

"माहीत नाही. मागनं पुढे आलं." एवढं बोलून ते भडाभडा ओकले. मग मान धरून बसले. थोरलीनं विचारलं, "अहो, आज वार कुठला?" तर म्हणाले, "दोर ढिला सोड." दहा मिनिटांत त्यांच्या पापण्या जड झाल्या, हाक मारली की डोळे उघडायचे आणि लगेच मिटायचे.

थोरली रडत बसणारी बाई नव्हे. तिनं ॲम्ब्युलन्स बोलावली आणि दुसरा फोन धाकटीला केला. सगळं ऐकून धाकटीनं एकच विचारलं, "ताई, भावोजींनी सकाळी काही घेतलंय का?"

"चहा घेतला. दोन बिस्किटं."

"तेवढंच ना? बरं. मी येतेच."

हॉस्पिटलात धाकटी त्यांच्या आधी पोचली होती. अंगात साइटचाच पांढरा कोट, खांद्यावरची पिशवी छातीशी घट्ट धरलेली. वरच्यांना आत नेलं, डोक्याचा स्कॅन झाला, आणि मेंदूच्या डॉक्टर बाहेर आल्या. बाई तरुण होत्या, पण बोलणं सावकाश आणि स्पष्ट. त्यांनी एका कागदामागे पेनानं मेंदू काढला आणि मध्ये चार पोकळ जागा काढल्या.

"मेंदूच्या आत या चार पोकळ्या असतात," त्या म्हणाल्या. "त्यात पाणी असतं. ते तयार होतं, एका पोकळीतून दुसरीत जातं, आणि बाहेर पडून शोषलं जातं. तुमच्या मिस्टरांच्या डाव्या पोकळीत रक्त उतरलंय. अजून थोडं आहे. पण रक्ताची गुठळी झाली आणि पाण्याची वाट अडली, तर पाणी तुंबतं आणि मेंदू आतून दाबला जातो. म्हणून मला आत्ता दोन गोष्टी कळायला हव्यात. रक्त थांबलंय का, आणि ते आलं कशानं."

"कशानं येतं हो?" थोरलीनं विचारलं.

"पुष्कळ कारणं असतात. ब्लडप्रेशर सगळ्यात जास्त. एखाद्या रक्तवाहिनीला फुगा आलेला असतो, कुठे जन्मापासूनच रक्तवाहिन्यांचा गुंता असतो. डोक्याला मार लागला तरी होतं. आणि रक्त पातळ करायची औषधं चालू असली तरी. मी विचारते, तुम्ही सांगा. पडले होते का?"

"नाही."

"प्रेशर? आत्ता फार वाढलेलं आहे."

"दर सहा महिन्यांनी तपासणी होते. कार्ड आहे माझ्याजवळ." थोरलीनं पर्समधून कार्ड काढून पुढे केलं. परीक्षेत सगळे प्रश्न पाठ असलेल्या मुलीसारखी ती उत्तरं देत होती. "हृदय ठीक, प्रेशर ठीक, नजर ठीक."

"काही औषधं?"

"गुडघे दुखतात शिडीनं. त्याची गोळी मीच देते, सकाळ-संध्याकाळ, जेवणावर. बारा दिवस झाले."

डॉक्टरांनी लिहून घेतलं, पेन थोडा वेळ तिथेच थांबलं. "रक्त पातळ करायची गोळी?"

"छे हो!"

"नीट आठवा. हे फार महत्त्वाचं आहे. असली गोळी पोटात असेल तर रक्त थांबणार नाही. तिच्यावर उतारा असतो, तो लगेच द्यावा लागतो."

"डॉक्टर, माझ्या घरात मला न विचारता साधी खोकल्याची बाटलीसुद्धा येत नाही. आणि माझं खोटं वाटत असेल तर ही माझी बहीण. नर्स आहे. ह्यांच्याच साइटवर आहे. तिलाच विचारा."

डॉक्टर धाकटीकडे वळल्या. धाकटी भिंतीला टेकून उभी होती. तिच्या तोंडाला कोरड पडली होती हे दिसत होतं, पण कुणाचा भावोजी आत पडला असेल तर पडेलच की कोरड.

"ताई सांगते तेच," धाकटी म्हणाली.

तेव्हा दहा वाजले होते.

पुढचे तीन तास दोघी बहिणी बाकावर बसल्या. आणि काय सांगू, धाकटीनं त्या तीन तासांत थोरलीला फुलासारखं जपलं. पाणी आणलं, पाठीवरून हात फिरवला, हातात हात घेऊन बसली. थोरलीच्या मनात आलंसुद्धा, पोटची पोर असती तर याहून काय वेगळं करती? फक्त एक गोष्ट तिला जरा विचित्र वाटली. धाकटी दर थोड्या वेळानं उठून काउंटरवर विचारायची, रक्ताचा रिपोर्ट आला का, रक्त गोठायची तपासणी झाली का. शेवटी तिथली मुलगी म्हणाली, "आला. ठीक आहे सगळं." तर धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. चांगला रिपोर्ट ऐकून कुणाचा चेहरा उतरतो का? थोरलीनं ते पाहिलं आणि थकवा असेल म्हणून सोडून दिलं. लोकांच्या खिशातली शिवण उसवून बघणारी बाई, पण बहिणीच्या तोंडावरचं तिला वाचता आलं नाही.

एक वाजता दुसरा स्कॅन झाला. डॉक्टर आल्या त्या झपाझप चालतच.

"रक्त वाढलंय," त्या म्हणाल्या. "आम्ही प्रेशर खाली आणलं, तरी वाढलंय. चारही पोकळ्या भरल्या. पाणी तुंबायला लागलंय, म्हणूनच ते आता हाकेला ओ देत नाहीत. कवटीला छोटं भोक पाडून आत नळी घालावी लागेल, म्हणजे पाणी आणि रक्त बाहेर पडेल. नाही केलं तर संध्याकाळ दिसणार नाही. इथे सही करा."

थोरलीनं पेन घेतलं. टोक कागदावर टेकवलं.

"थांबा," धाकटी म्हणाली.

तिनं छातीशी धरलेली पिशवी उघडली आणि आतून गोळ्यांची एक पट्टी काढली. चौदातल्या पाच गोळ्या शिल्लक होत्या. ती पट्टी तिनं थोरलीकडे न बघता डॉक्टरांच्या हातात दिली.

डॉक्टरांनी नाव वाचलं आणि त्यांचा आवाजच बदलला. "शेवटची कधी घेतली?"

"काल संध्याकाळी साडेपाचला. मीच दिली."

"किती दिवसांपासून चालू आहे?"

"अकरा महिने. हृदयाचे ठोके अनियमित पडतात त्यांचे."

"तुम्ही नर्स आहात ना?" डॉक्टर म्हणाल्या. "तीन तास, सिस्टर. ही गोळी नेहमीच्या तपासणीत धड दिसत नाही, तुम्हाला माहीत नाही? मी आत्ता पातळ रक्तावर भोक पाडायला निघाले होते." मग त्या आत पळाल्या, आणि उताऱ्याच्या औषधाचं नाव ओरडून सांगितलेलं दारातून ऐकू आलं.

थोरलीच्या हातात पेन तसंच होतं. तिच्या पायाखालची वाळू सरकली, असं म्हणतात तसं काही तिला झालं नाही. उलट सगळं फार स्पष्ट दिसायला लागलं. बाकाचा निळा रंग, धाकटीच्या कोटावरचा आयोडीनचा डाग, त्यावर तिचं नाक पुसणं.

"बोल," ती म्हणाली.

धाकटी बोलली. अकरा महिन्यांपूर्वी तपासणीत वरच्यांचे ठोके वेडेवाकडे लागले. नियम असा की असं असेल तर क्रेनवर चढायचं नाही. वरच्यांनी तिचे पाय धरायचे बाकी ठेवले. म्हणाले, तुझ्या ताईला कळलं की ती सरळ मुकादमाकडे जाईल. दोन वर्षांपूर्वी जिन्यात एकदा चक्कर आली होती तेव्हा ती गेली होतीच. चार महिने त्यांना खाली गोदामात नटबोल्ट मोजत बसवलं होतं. "मी परत ते करणार नाही," वरचे म्हणाले होते. "त्यापेक्षा मेलेला बरा." मग धाकटीनं कार्डावर 'ठीक' लिहिलं आणि त्यांना लांबच्या एका हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ही गोळी दिली, हृदयात गुठळी होऊन डोक्यात जाऊ नये म्हणून. दिवसातून दोनदा. सकाळी कामावर चढायच्या आधी, संध्याकाळी उतरल्यावर, धाकटीच्या खोलीत, धाकटीच्या हातून. घरी एकही गोळी न्यायची नाही, कारण थोरली खिसे बघते.

"आणि रविवारी?" थोरलीनं विचारलं.

"रविवारी भावोजी फिरायला यायचे ना," धाकटी पुटपुटली.

दर रविवारी, दोन वेळा. 'पाय मोकळे करून येतो.' थोरली दारात उभी राहून त्यांना सांगायची, येताना धाकटीकडे डोकावून या हो, एकटी असते बिचारी. अकरा महिने ती स्वतःच्या तोंडानं त्यांना पाठवत होती. तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या.

"सकाळी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा का नाही बोललीस? मी तुझं नाव घेतलं. बहिणीला विचारा म्हटलं. छाती फुगवून म्हटलं मी!"

"मला वाटलं रक्ताच्या तपासणीत आपोआप कळेल." धाकटी हुंदके देत होती. "कळलं असतं म्हणजे मला सांगावं लागलं नसतं. तुझ्यासमोर सांगावं लागलं नसतं, ताई."

"वा! म्हणजे ते आत मरत होते आणि तू माझ्यासमोर चांगली राहायला बघत होतीस."

थोरली उठली, चार पावलं गेली आणि परत फिरली. तिला काहीतरी आठवलं होतं. आठवलं म्हणण्यापेक्षा डॉक्टरांचं लिहिणं डोळ्यांसमोर आलं होतं, गुडघ्याच्या गोळीशी थोडा वेळ थांबलेलं पेन.

"दुखण्याची गोळी," ती म्हणाली. "या गोळीवर ती चालते?"

धाकटीनं मान खाली घातली.

"मी काय विचारतेय?"

"नाही चालत. दोन्ही मिळून रक्तस्राव होऊ शकतो. मी भावोजींना पहिल्याच दिवशी बजावलं होतं."

"गेल्या आठवड्यात तू जेवायला होतीस माझ्याकडे." थोरलीचा आवाज एकदम खाली आला. "मी तुझ्या डोळ्यांदेखत त्यांच्या तळहातावर गोळी ठेवली. तू भाजी वाढत होतीस. तू बघितलंस."

"मी नंतर मोरीपाशी गाठलं त्यांना. खूप बोलले. ते म्हणाले, मी गिळत नाही, जिभेखाली धरतो आणि मागे जाऊन थुंकतो. नको म्हटलं तर का नको ते सांगावं लागेल, म्हणाले."

"आणि तू विश्वास ठेवलास?"

"ताई, तूही ठेवलासच की," धाकटी म्हणाली.

थोरलीनं तिच्या मुस्काटात मारली नाही. हात उचलला होता, पण ज्या गालाला लहानपणी तिनं पावडर लावली होती त्याच्यापाशी तो हात थांबला, आणि थांबल्याचाच तिला जास्त राग आला. "जा," ती म्हणाली. "परत इथे दिसू नकोस."

उतारा दिला, रक्त थोडं सावरलं, आणि चार वाजता नळी घातली. वरच्यांचं अर्धं डोकं भादरलेलं, टाळूतून निघालेली बारीक नळी, ती पलंगाशेजारी टांगलेल्या पिशवीत. पिशवीची उंची कानाच्या रेषेवर मापून ठेवलेली. थोडी वर गेली तर पाणी तुंबणार, थोडी खाली आली तर जास्त वाहून जाणार. पिशवीत सुरुवातीला नुसतं लाल उतरत होतं. थोरली दारूगोळ्याच्या पहारेकऱ्यासारखी त्या पिशवीकडे बघत बसे. चौथ्या दिवशी लाल फिकट झालं. सहाव्या दिवशी ताप आला, नळीतून जंतू गेले. वेगळ्या खोलीत हलवलं आणि आत जायचं तर टोपी, मास्क, झगा सक्तीचा झाला.

एकदा थोरलीनं डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांगा, कुणाच्या गोळीनं झालं? तिच्या की माझ्या?"

डॉक्टर उत्तर टाळणाऱ्यांतल्या नव्हत्या. "ते कुणीच सांगू शकणार नाही," त्या म्हणाल्या. "त्यांचं प्रेशर वाढलेलं होतं, ते कुणी मोजून लिहिलंच नव्हतं. रक्त पातळ होतं. त्यात तुमची गोळी. एकेकट्या कशानंही होऊ शकलं असतं. मात्र एक सांगते. ती पातळ करायची गोळी चुकीची नव्हती, त्यांना ती हवीच होती. तुम्हाला माहीत असतं तर दुखण्याची गोळी तुम्ही दिली नसती, आणि मला दहा वाजता कळलं असतं तर पुढच्या तीन तासांतलं रक्त बरंच वाचलं असतं."

"आणि आता?"

"एवढं रक्त आत भरलेली बरीच माणसं उठतच नाहीत. उठतात त्यांतल्या काहींना चालता येत नाही, काहींच्या डोक्यात कायमची नळी ठेवावी लागते. काहींची आठवण विस्कटते. नवं साठवायची जी जागा आहे ना, ती नेमकी या पोकळीच्या कडेला असते. बघू."

थोरली बघत राहिली. तिला सगळ्यांत आधार कशाचा होता सांगू? भांडणाचा. माणसं देवाचं नाव घेतात, ही मनात भांडण घोळवायची. एकदा उठू देत. एकदा डोळे उघडू देत. मग विचारते, अहो, माझ्या हातची गोळी थुंकत होतात की गिळत होतात? तुम्हाला माहीत होतं ती विष आहे, तरी माझ्याच हातून घेत होतात? उद्या काही झालं तर माझ्या हातून झालं म्हणून मी जन्मभर जळत राहावं, हे तुमच्या मनात एकदाही आलं नाही? वीस मजले चढणारा माणूस, बायकोला एक वाक्य सांगायला भ्यालात? सगळं तोंडपाठ होतं. तो हिशेब झाल्याशिवाय तिला त्यांना मरूही द्यायचं नव्हतं.

मुकादम भेटायला आला तेव्हा म्हणाला, धाकटीनं स्वतःच ऑफिसात सगळं लिहून दिलंय आणि घरी बसलीय. रोज हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर येऊन उभी राहते, आत येत नाही. "जाऊ द्या वहिनी, पोर आहे," तो म्हणाला. थोरली म्हणाली, "चहा घेणार का?" आणि विषय संपवला.

सतराव्या दिवशी नळी निघाली. एकोणिसाव्या दिवशी वरच्यांनी डोळे उघडले आणि "तहान लागली" म्हणाले. थोरलीच्या जिवात जीव आला, आणि तेवढ्यापुरती ती सगळं भांडण विसरली. दोन दिवस ते तुटक तुटक बोलत राहिले. लग्न आठवत होतं, क्रेन आठवत होती. काल कोण आलं होतं ते आठवत नव्हतं. नर्स म्हणाली, सकाळी त्यांचा गोंधळ जास्त असतो, संध्याकाळी बरे असतात.

म्हणून तिनं संध्याकाळ निवडली. त्यांना चेहरा दिसावा म्हणून नर्सची नजर चुकवून मास्क खाली ओढला आणि पलंगाशी खुर्ची घेतली. वरचे तिला बघून तोंडभर हसले. "आलीस?"

"आले. अहो, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार की."

"धाकटीकडून तुम्ही कसली गोळी घेत होतात?"

वरच्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. बराच वेळ विचार केला. मग तिचा हात हातात घेतला, थोपटला आणि म्हणाले, "कसली गोळी? मी तुझ्यापासून कधी काही लपवलंय का?"

इतक्या निर्मळ तोंडानं म्हणाले की थोरलीचं सगळं तोंडपाठ केलेलं भांडण जागच्या जागी बसलं. ज्याच्याशी भांडायचं त्याच्याजवळ गुन्हाच उरला नव्हता. अकरा महिन्यांची फसवणूक त्या लाल पाण्याबरोबर पिशवीत वाहून गेली होती, आणि ती आता एकट्या थोरलीलाच आठवत राहणार होती. घरी जाऊन ती उशीत तोंड खुपसून रडली. घसा पार बसला. तरी पहाटे उठताना तिनं स्वतःला समजावलं, चला, आठवत नाही तर नाही. निदान आता तरी खोटं बोलत नाहीत.

सकाळी हॉस्पिटलातून फोन आला, वरचे नव्या गोळ्या घेत नाहीत, तुम्ही या. प्रेशरची गोळी होती, आणि फिट येऊ नये म्हणून दुसरी. ती पोचली तेव्हा नर्सनं हात टेकले होते. "दात घट्ट मिटून बसलेत हो. काही केल्या तोंड उघडत नाहीत. तुमचं तरी ऐकतील."

थोरलीनं झगा चढवला, टोपी कपाळापर्यंत ओढली, मास्क बांधला आणि गोळ्यांची वाटी घेऊन आत गेली. नर्स पलीकडच्या खोलीतल्या रोग्याकडे वळली. वरच्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. त्यांनी डोळे बारीक करून झग्याकडे पाहिलं.

"सिस्टर," ते म्हणाले, "धाकटी कुठंय?"

थोरली बोलणार होती, अहो मी आहे. पण नाही बोलली. "रजेवर आहे," ती बसलेल्या घशानं म्हणाली.

"मग राहू दे. सकाळची गोळी मी तिच्याच हातची घेतो."

"का?"

वरच्यांनी दाराकडे पाहिलं आणि तिला बोटानं जवळ बोलावलं. ती वाकली. "ती कुणाला सांगत नाही," ते कुजबुजले. "तुम्ही सांगाल. आमच्या घरात कळलं तर मला खाली बसवतील. काल बायको आली होती विचारायला. मी ताकास तूर लागू दिला नाही."

थोरलीनं वाटी दोन्ही हातांनी धरली. "आणि घरी ती देते ती?" तिनं विचारलं. "गुडघ्याची? ती थुंकता ना?"

"नाही हो," वरचे ओशाळून हसले. "गिळतो. ती समोर उभी असते, इतक्या काळजीनं बघत असते. तिच्या हातची थुंकवत नाही."

थोरली तशीच वाकून उभी राहिली. वरच्यांनी तिचा झगा चिमटीत धरून ओढला.

"सिस्टर, माझ्या बायकोला सांगणार नाही ना?"

"नाही सांगत," थोरली म्हणाली.

"शपथ?"

"शपथ."

मग वरच्यांनी तोंड उघडलं. तिनं एकेक करून दोन्ही गोळ्या त्यांच्या जिभेवर ठेवल्या, मानेखाली हात घालून पाणी पाजलं आणि ते गिळेपर्यंत तिथेच थांबली.